सोमवारपर्यंत उतरायचं नाही

पिवळा बावटा लावलेल्या बोटीतून हाक आली तर ओ द्यायची नाही. कस्टमचा शिक्का बसेपर्यंत बोटीतल्या माणसाने जमिनीवर पाय ठेवायचा नाही, जमिनीवरच्याने बोटीला हात लावायचा नाही. आणि का, असं विचारायचं नाही.

बॅरिस्टर हे ऐकतच मोठी झाली. बॅरिस्टर म्हणजे कस्टमची लाँच चालवणाऱ्याची मुलगी. कॉलेज शिकून आली आणि घरात उठसूट वाद घालू लागली, म्हणून काकांनी ठेवलेलं नाव.

त्या शनिवारी, अमावास्येच्या रात्री, ती पाण्याचा कॅन घेऊन धक्क्याकडे निघाली होती. संध्याकाळपासून एक शिडाची बोट पिवळा बावटा लावून, नांगर टाकून उभी होती. कचेरी बंद, साहेब सोमवारी येणार. अंधार पडल्यापासून बोटीवरची बाई ओरडत होती, "पाणी संपलंय हो! पोर तापलंय!"

"ठेव तो कॅन," वडील म्हणाले. "माझी नोकरी घालवशील."

"पाणी देऊन?"

"बस गं बॅरिस्टर," काका म्हणाले. काका धक्क्यावरचे जुने पहारेकरी. चुलतभावंडं धक्क्याच्या पायरीवर त्यांना आधीच चिकटून बसली होती. "आधी ऐक. मग जा खुशाल."

ती बसली नाही. कॅन हातातच राहिला.

"माझ्या जोडीला एक पहारेकरी होता. आम्ही त्याला घोरपड म्हणायचो. एकदा खाटेला चिकटला की सुटायचा नाही. तेव्हा अशीच एक बोट आली, अशाच शनिवारी. नवरा-बायको. रविवारी रात्रभर नवरा ओरडत होता, 'उतरू का?' सोमवारी साहेब इस्त्रीचे कपडे घालून गेले, तर दोघंही गार. बोट ओढून नेली. विषय संपला.

"पुढच्या अमावास्येला घोरपड पहाऱ्याच्या खोलीत एकटा. दाराला आतून कडी. पाणी अगदी तेलासारखं. आणि हाक आली. 'उतरू का?'

"खिडकीतून पाहिलं. बोट नाही. काही नाही.

"पुन्हा. जरा जवळून. 'उतरू का?'

"कानावर उशी दाबली. थांबेना. शेवटी वैतागला आणि ओरडला, 'उतर बाबा, उतर एकदाचा!'"

धाकट्याने बहिणीचा हात धरला.

"मग?"

"मग... शांत. मग पायरीवर ओला पाय. एक. मग दुसरा. दारापाशी येऊन... थांबला."

"आणि?"

धक्क्याला पाणी चाटत होतं.

"सकाळी आम्ही दार फोडलं. कडी आतून तशीच. घोरपड खाटेवर, पाय पोटाशी. खाटेखाली फरशीत एक नांगर रुतलेला... चिखलाने माखलेला. साखळी दाराखालच्या फटीतून थेट पाण्यात. त्या फटीतून कागद गेला नसता. आम्ही पाण्यात उतरून टोक पाहिलं. टोकाला काही नव्हतं. तरी साखळी ताणलेली होती."

पोरांनी पाय वर ओढून घेतले.

"घोरपड अजून आहे," काका खुदकन हसले. "सुनेनं मागच्या खोलीत टाकलाय. पाय खाली सोडत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो, 'उतरू का?' नातवंडं मुद्दाम 'नाही' म्हणतात. मजा येते त्यांना. हं, आता जा."

बोटीवरून हाक आली. आवाज बसला होता. "कुणी... आहे का?"

"काका," बॅरिस्टर म्हणाली, "त्या दोघांचा घसा किती वेळ टिकला?"

"कुणाचा?"

"त्या नवरा-बायकोचा. शनिवारपासून सोमवारपर्यंत. धक्क्यावर नळ होता ना?"

"वडाची साल पिंपळाला लावू नकोस. ही भुताची गोष्ट आहे."

"भूत नंतर झालं. आधी दोन माणसं तहानेने मेली, आणि तुम्ही पोरांना सांगताय घोरपडीचं काय झालं ते!"

वडील उठले. "होडीत पाय ठेवलास तर या घरात परत यायचं नाही."

तिने कॅन पायरीखाली बांधलेल्या होडीत ठेवला, दोर सोडला आणि अंधाराकडे तोंड करून घसा फाडून ओ दिली, "आले हो! पाणी आणतेय!"

बोटीवरून काहीच आलं नाही. ती पुन्हा ओरडली. काहीच नाही.

"ऐकलंस?" काका हलकेच म्हणाले. "अजून वेळ आहे. ये परत."

"नाही येणार," ती म्हणाली, आणि वल्हं पाण्यात घातलं.