हायड्रोजनचा पाचवा सूर

शाळेत वर्णपटाचा (प्रकाश फोडल्यावर मिळणाऱ्या रंगांच्या पट्ट्याचा) प्रयोग झाला, तेव्हा केतकीला वाचनालयात बसवलं होतं. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. “रंग बघायचेत गं, तू तिथे कंटाळशील,” बाई प्रेमानंच म्हणाल्या. केतकीला ते फार लागलं.

शनिवारी ती हट्टानं वसुधामावशीच्या प्रयोगशाळेत गेली. चंद्रावर बसवायच्या नव्या दुर्बिणीसाठी मावशी एक यंत्र बनवत होती. ते प्रकाशाचे सूर करायचं. लाल रंगाचा सूर खालचा, जांभळ्याचा वरचा. साध्या बल्बच्या प्रकाशावर यंत्र फिरलं, तेव्हा सूर भोंग्यासारखा सलग चढत गेला. मग मावशीनं हायड्रोजन भरलेली नळी विजेनं पेटवली. एक सूर, मग शांतता. दुसरा, पुन्हा शांतता. असे फक्त चार.

“बिघडलं का गं?”

“नाही. हायड्रोजन एवढंच बोलतो. का, ते तूच शोध.” मावशीनं तिच्या हातात एक छोटी लाकडी शिडी दिली.

केतकीनं बोटं फिरवली. खालच्या पायऱ्या एकमेकींपासून लांब लांब होत्या, वर जावं तशा जवळ येत होत्या.

“हायड्रोजनच्या अणूत एकच इलेक्ट्रॉन असतो,” मावशी म्हणाली. “तो या पायऱ्यांवरच राहू शकतो, मध्ये कुठेही नाही. या त्याच्या ऊर्जापातळ्या (ऊर्जेच्या ठरलेल्या पायऱ्या). विजेनं वर ढकलला, की तो पुन्हा खाली उडी मारतो. दोन पायऱ्यांमधली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते.”

“उडी मोठी, तर सूर वरचा?”

“बरोबर! तू ऐकलेल्या उड्या दुसऱ्या पायरीवर संपतात.”

“तिसरीवरून, चौथीवरून, पाचवीवरून, सहावीवरून. झाले चार सूर.” केतकीचं बोट सातव्या पायरीवर थबकलं.

“मग इथूनही पडत असेल की! तो सूर चौथ्याच्या अगदी लगत, जरासाच वर हवा.”

“मी यंत्र डोळ्यांना नीट दिसतं तिथपर्यंतच लावलं होतं,” मावशी म्हणाली आणि तिनं वरची मर्यादा वाढवली.

चार सूर वाजले. आणि लगेच वर, अगदी बारीक, पाचवा.

केतकीनं मावशीचा हात घट्ट धरला. “आणि थेट तळाच्या पायरीवर पडला तर?”

“ती उडी फार मोठी. तो प्रकाश कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाही.”

“कुणाच्याच?”

“कुणाच्याच. तो हवेतच शोषला जातो, म्हणून ऐकायचा तर यंत्रातली हवा काढावी लागेल. संध्याकाळ होईल.”

केतकीनं खुर्ची यंत्राजवळ ओढली. “होऊ दे. मी आईला फोन करते.”