मेंढीचे वरचे दात

स्टेडियमच्या तिसऱ्या फाटकाशी रांग थबकली, ती चार भाकरींपायी.

संध्याकाळ अजून पुरती विझली नव्हती. आत कुणी ड्रमवर एकेक थाप टाकून पाहत होते, आणि प्रत्येक थापेसरशी पायांखालची फरशी झोपेतल्या जनावराच्या कातडीसारखी थरथरत होती. रांगेतली पोरे उतावीळ झाली होती. पण फाटकावरच्या रखवालदाराला एका मुलीच्या पिशवीत फडक्यात बांधलेल्या बाजरीच्या भाकरी आणि जवसाच्या चटणीची पुडी सापडली होती. बाहेरचे खाणे आत चालत नाही, ते पलीकडच्या पिंपात टाकून द्या, असे त्याने फर्मावले. मुलीने आधी पिंपाकडे पाहिले, मग त्याच्याकडे. आणि ते अशा नजरेने, की त्याने उगीचच आपली टोपी सारखी केली.

"अन्न टाकायचं नसतं," ती म्हणाली. "खायला तर बंदी नाय ना? मग जरा दम धरा."

तिने तिथेच फडके सोडले आणि भाकरी मोडून रांगेत वाटायला सुरुवात केली. काळे कपडे, कानांत डूल, मनगटांवर चामडी पट्टे अशी ती सगळी मंडळी चटणी-भाकरीचे तुकडे चावू लागली. मागे उभ्या सोनाजीच्या टी-शर्टवर मोठी पांढरी कवटी होती. तिच्याकडे बोट दाखवून मुलगी आपल्या मैत्रिणीला म्हणाली, "आवडे, ह्या कवटीला बी चतकोर दे."

सोनाजीने चतकोर घेतला. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आले. ते चटणीमुळे आले, असे त्याने स्वतःला बजावले.

"कुठलं तुमी?" तिने विचारले.

"मी... इथलाच. क्रांती चौक."

"क्रांती चौकात कुणी जन्मतं व्हय? तिथं तर नुस्ता शिग्नल लागतोय."

सोनाजीने उरलेला तुकडा तोंडात कोंबला. तीन वर्षांपूर्वी वाळूजच्या कारखान्यात नोकरीला लागला, तेव्हा पहिल्याच दिवशी कुणीतरी नाव विचारले आणि त्याच्या तोंडून 'सनी' निघून गेले. मग त्या नावाला साजेसे गाव हवे, गावाला साजेसे बालपण हवे, म्हणून त्याने एकेक वीट रचत आणली. वडील कपड्यांचे व्यापारी, दुकान गुलमंडीत, असेही एकदा सांगून झाले. वास्तविक त्याचे वडील मल्हारराव त्या घटकेस दीडशे मेंढरांमागे कुठल्याशा माळावरून चालत असतील. सोबत आलेला खोलीमित्र कारभारी स्वतःला 'कॅरी' म्हणवीत असे. दोघे एकमेकांच्या बालपणाबद्दल कधी फारसे विचारीत नसत, आणि त्या न विचारण्यालाच मैत्री समजत.

मुलीने मात्र काहीही झाकले नाही. तिचे नाव बानू. गाव पिशोर. पूर्वी घरी कळप होता, आबांचे गुडघे गेले तसा तो विकला. आता थोडी शेती. ती इथे जनावरांच्या दवाखान्याचे शिक्षण घेत होती. आईने दुपारच्या एसटीने भाकरी पाठवल्या, त्या खोलीवर ठेवायला वेळच मिळाला नाही. हे सारे तिने बोटांवरची चटणी पुसत सांगितले, जणू त्यात सांगण्यासारखे विशेष काहीच नव्हते. सोनाजीला वाटले, आत्ताच म्हणावे... मीही. दोनच अक्षरे होती. पण कारभारी शेजारी उभा होता, आणि रांग पुढे सरकली.

आत गेल्यावर योगायोगाने, आणि थोडे सोनाजीने कोपर वापरल्याने, चौघे लोखंडी कठड्याशी एकत्र आले. दिवे विझले. पुण्याहून आलेल्या बँडने पहिला सूर असा उधळला की क्षणभर कुणाला आपापले नावसुद्धा आठवू नये. सोनाजीला ते सोयीचेच वाटले. निळा प्रकाश माणसांच्या माथ्यांवरून वाहत गेला, परत आला. बानू नाचत नव्हती. ती एका बोटाने ताल धरीत होती, आणि ते बोट सोनाजीच्या बाहीवर पडते आहे हे तिच्या ध्यानी नव्हते. किंवा होते... त्याने हात जरासाही हलवला नाही.

"नाचत का नाय तुमी?" तिने त्याच्या कानाशी ओरडून विचारले.

"मी ऐकतो."

"बाहीनं?"

तो काहीतरी बोलणार, तोच गाणे संथ झाले. एकच गिटार उरली; लांब, ओसाड, उन्हे कलताना माळावर सावली पसरावी तशी. सोनाजी तिच्यात हरवला. आणि माणूस हरवला की त्याचे शरीर आपले जुने घर शोधते. त्याने कठड्यावर दोन्ही हात एकावर एक ठेवले, त्यांवर हनुवटी टेकली, डावे पाऊल उचलून उजव्या गुडघ्याला लावले आणि एका पायावर तो निश्चिंत उभा राहिला. दोन मिनिटे. चार मिनिटे. भोवती हजारो माणसे दोन पायांवर थकली होती.

बानूने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

"काठी कुठं इसरली?" तिने विचारले.

पाय झटकन खाली आला. "हे... वृक्षासन आहे. पाठीला चांगलं असतं."

"सनी रोज योगा करतो," कारभारीने मित्रधर्म पाळला. त्याने सनीला रोज फक्त घोरताना पाहिले होते.

"हां," बानू अत्यंत गंभीरपणे म्हणाली आणि आवडाकडे वळली. "आवडे, सोमवारच्या तोंडी परीक्षेचं ध्यानात ठेव. मेंढीचं वय बघायचं तर वरचं दात बघायचं."

आवडाने हरकत घ्यायला तोंड उघडले, पण तिला एक चिमटा बसला. सोनाजीने दातांवर दात दाबले. तीन वर्षांची ती इमारत त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली: नाव, दुकान, क्रांती चौक. पण काही चुका अशा असतात की त्या ऐकून गप्प बसणे म्हणजे बापाच्या पाठीवरचे ऊन विसरणे.

"वरचे दात नसतातच," तो म्हणाला. "समोर वर नुसती हिरडी असते, गादीसारखी. वय खालच्या दातांवरून कळतं. दोन मोठे दात आले म्हणजे वरीस उलटलं. मग चार, मग सहा. आठ दात येऊन तोंड भरलं की... मेंढी जुळली."

गाणे नेमके 'जुळली' या शब्दापाशी थांबले. तो शब्द आसपासच्या पन्नासेक लोकांना स्वच्छ ऐकू गेला.

"तुला रे कसं ठाऊक?" कारभारीने विचारले.

बानूच्या ओठांशी हसू येऊन थांबले होते. ते एका शब्दाची वाट पाहत होते. सोनाजीने ते पाहिले. आणि तरीही तो म्हणाला, "वाचलं होतं... कुठंतरी."

हसू परत गेले.

"मला वाटलं, गंमत करताय," ती म्हणाली. आवाज हळू होता, म्हणूनच जास्त लागला. "तुमाला खरंच लाज वाटती. मंग माझी भाकर कशी गोड लागली?"

त्यानंतर ती आवडाला घेऊन कठड्याच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली. जाता जाता आवडाने तेवढे सांगितले की हॉस्टेलचे गेट बंद होते, तेव्हा आणखी दोन गाणी ऐकून त्या निघणार. सोनाजीला आयुष्यात प्रथमच गाणी लांबावीत असे वाटले. त्यातले एक संपले. दुसऱ्याआधी वादकांनी पाणी घेतले, आणि चमचमता कोट घातलेला निवेदक माइक घेऊन खाली गर्दीत उतरला. ज्याच्यापुढे माइक जाई, त्याचा चेहरा मंचामागच्या अवाढव्य पडद्यावर उमटे. दोघांतिघांना विचारून झाल्यावर त्याला कवटी आवडली असावी. तो सोनाजीपाशी थांबला.

"नाव काय, ब्रो?"

"स..."

तो सकार साऱ्या मैदानावर घुमला. तिथवर दोन्ही नावांची वाट एकच होती. पुढे ती फुटत होती. कठड्याच्या टोकाला एक चेहरा पडद्याकडे वळलेला त्याला दिसला.

"...सोनाजी," तो म्हणाला. "सोनाजी मल्हारराव."

"क्या बात है. कुठून आलात, सोनाजी?"

"एक गाव नाय सांगता येत. आठ महिने फिरतीवर आसतो आमी. मेंढरं हायती. दीडशे." मैदानात कुणीतरी शिट्टी घातली. सोनाजीचा आवाज आता आपल्या चालीने चालू लागला होता. त्याला आवरणे त्याच्याही हाती नव्हते. "मघाशी एकीला बोललो, वाचलं म्हणून. वाचलं नाय. माझ्या बोटांनी बघितल्यात दात. आन् तिची भाकर गोड लागली, कारण माझी आई तशीच थापती. तेवढं तिथंच बोलायचं व्हतं. जीभ उचलली नाय."

हजारो कंठांतून एक लांबलचक सुस्कारा उठला. निवेदक माइक काढून घेणार, एवढ्यात कारभारीने तो हिसकावला.

"मी बी कॅरी नाय," तो घाईघाईने म्हणाला. "कारभारी. आमच्या म्हशी हायती. सात."

मागून एक दाढीवाला, भुवईत कडी घातलेला तरुण पुढे घुसला आणि त्याने आपण पुंजाराम असल्याचे जाहीर केले. मग माइक हातोहात निघाला. कुणी सांडू निघाला, कुणी बन्सी. कुणी नुसतीच आपल्या बैलांची नावे सांगितली. निवेदक कोट सावरीत माइकमागे धावत राहिला, आणि अखेर गिटारवाल्याने त्याची वाट न पाहता दुसरे गाणे सुरू केले.

त्या गदारोळात बानू केव्हा शेजारी येऊन उभी राहिली, सोनाजीला कळलेच नाही. ती पडद्याकडेच पाहत होती.

"आबांना रानात खतासाठी कळप बसवायचाय," ती म्हणाली. "तुमचं वडील येतील का पिशोरला?"

"येतील."

"आन् तुमी?"

"मला कंपनीतून रजा..."

"तीन दिस पुरं व्हतील. पयल्या दिवशी आबा तुमच्याशी बोलायचं नायत. दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावतील. तिसऱ्या दिवशी तुमी बोला."

आवडा तिला हाताला धरून ओढू लागली होती. गेट बंद होईल, असे ती तिसऱ्यांदा सांगत होती. बानू दोन पावले गेली, थांबली, वळली. निळा प्रकाश तिच्या चेहऱ्यावरून सरकत होता, आणि मघाशी परत गेलेले हसू पुन्हा आले होते; ते आता कुणाचीही वाट पाहत नव्हते.

"काय बोलू?" सोनाजीने विचारले.

"आजच्यासारखंच," ती म्हणाली. "फक्त माइकबिगर."