मूकपटातलं एक वाक्य

दार सताड उघडलं, वाऱ्याबरोबर धूळ आत शिरली, आणि तिचं सकाळपासूनचं रंगकाम आता वाया जाणार…

"आधी ते दार लावा," मान वर न करता ती म्हणाली, "आणि हे टोक धरा. वाळेपर्यंत हलायचं नाही."

आलेला तरुण मुकाट्यानं फिल्मची पट्टी धरून उभा राहिला. मूकपट काढणाऱ्या त्या कंपनीत ती बारीक कुंचल्यानं एकेका चौकटीत रंग भरायची. तो गेल्यावर शेजारच्या टेबलावरच्या मावशींनी सांगितलं, अगं, मालकांचा मुलगा तो, नव्या चित्रपटाचा नायक. आता तो परत कशाला येतोय, असं तिला वाटलं.

पण दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर. "मास्तरीणबाई, आज कुठलं टोक धरू?"

मग रोजच. कधी पट्टी धरायला, कधी नुसताच तिच्या गालावरचा निळा ठिपका बघायला…

महिन्याभरात मालकांच्या कानावर गेलं. त्यांनी मुलाचं लग्न तोलामोलाच्या घरात ठरवूनच टाकलं. वडिलांपुढे आपण मूग गिळून बसलो, हे त्यानंच तिला सांगितलं. चार लोकांत बोलायची हिंमत नसेल तर या खोलीत यायचं नाही, असं तिनं बजावलं. तो आला नाही.

रंगवायला आला तो चित्रपटाचा शेवटचा प्रसंग. नायक नायिकेला सोडून जातो. पडद्यावर अक्षरं येतात, 'मला विसरून जा.' भिंगातून ती त्याचे ओठ रंगवू लागली… आणि थबकली. सहा वर्षं ओठच रंगवत होती ती. कोण काय बोलतंय ते तिला बिनचूक कळायचं. चौकटीमागून चौकट तो म्हणत होता — मास्तरीणबाई, लग्न करीन तर तुमच्याशीच.

ती हसली. मग तिला रागच आला. जिथे कुणाला ऐकूच येत नाही, तिथे बोलायला कसली छाती लागते?

पट्टी घेऊन ती थेट मालकांच्या खोलीत शिरली. बापलेक समोरासमोर बसले होते. नोकरी गेलीच, हे तिला दारातच कळून चुकलं.

"या पट्टीत जे बोललात, ते आता मोठ्यानं म्हणा," ती त्याला म्हणाली. "नाहीतर मी रंग पुसून निघते."

तो उठला. वडिलांच्या नजरेला नजर देत तो म्हणाला, "लग्न करीन तर हिच्याशीच."

मालकांनी दोघांना दार दाखवलं.

रस्त्यावर आल्यावर तो घुटमळला. "आता?"

"आता खोली शोधायची. मग काम. स्वयंपाक येतो?"

"नाही."

"शिकाल," ती म्हणाली, आणि भर रस्त्यात तिनं त्याचा हात धरला.