सगुणाकाकीचं छप्पर

दार ओढून घ्या पोरांनो, वारा आत येतोय. ही गोष्ट माझ्या सोबत्याची, धाकू तांडेलाची. खोटं सांगून मला काय मिळायचंय?

जन्म गलबतावर काढून धाकूनं बत्तीस साली भाट्याच्या खाडीजवळ घर घेतलं. मागच्या खोलीत सगुणाकाकीचं बिऱ्हाड होतं. एकटी विधवा बाई. पावसाआधी कौलं परतून, गळती बुजवून द्यायची ती घरमालकानं, ही आपल्याकडची रीत. गलबताला केसाएवढी फट दिसली तर धाकू रात्रभर जागून बुजवायचा. हे छप्पर मात्र दुसऱ्याच्या डोक्यावर होतं ना.

पाऊस लागला तशी काकी आली. "धाकूशेट, खोलीत आता जाळं टाकलं तर मासे मिळतील हो."

"मिळाले तर अर्धे मला पाठव गो काकी," धाकू हसला. "बघतो."

तीही हसली बिचारी. परत आली, परत "बघतो". मग ओलीनं ताप भरला, आणि त्या तापातच ती गेली.

दिव्याच्या अवसेची रात्र. पाऊस थांबला होता. सकाळी नवं बिऱ्हाड यायचं होतं. धाकूनं कंदील घेतला आणि कौलं परतायला बाहेरून मागच्या भिंतीला शिडी लावली. दिवसा शेजाऱ्यांसमोर चढायची लाज वाटत होती त्याला. जिवंतपणी केलं नाही, आणि आता चढतोय... कोण काय म्हणेल?

खोलीला कुलूप होतं. त्यानं वरून एक कौल सरकवलं.

आतून आवाज आला.

"धाकूशेट..."

हळू. रागाचा नाही.

"...आता राहू दे हो."

सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, "बघतो, काकी."

मग त्याला कळलं, आपण कुणाशी बोललो.

कंदील विझला.

खाली काळोख. फक्त जमिनीवरून हात फिरावा तसा आवाज... सर... सर...

शिडी कशी उतरला, त्याला आठवत नाही.

उजाडल्यावर शेजाऱ्यांना घेऊन त्यानं कुलूप काढलं. मीही होतो. खोलीची जमीन शेणानं सारवलेली. ताजी. ओली. बिऱ्हाड सोडताना बाई सारवून देते ना, तशी. धाकू उंबऱ्याबाहेरच खाली बसला, तोंड झाकून.

पण पोरांनो, ओल्यात पाऊल पडू नये म्हणून बाई सारवत सारवत दाराकडे येते. हे सारवण उंबऱ्यापासून आत गेलं होतं... पार पलीकडच्या भिंतीपर्यंत.

आणि परत आल्याचं पाऊल...

एकसुद्धा नव्हतं.