अठ्ठाविसावं वजन

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर एक खिडकी आहे. तिचा कट्टा चांगला रुंद, टेकायला सोयीचा. चार महिने तो कट्टा माझा होता. आणि त्या सोमवारी सकाळी पाहते तर तिथे भलताच कोणीतरी बसलेला.

निळा कामाचा शर्ट, मांडीवर अवजारांची पेटी आणि श्वास असा की लोहाराचा भाता परवडला.

"उठू का?" त्याने विचारलं. "तुमची जागा दिसतेय."

"कशावरून?"

"वर बघायच्या आधी तुम्ही इकडे बघितलंत."

मी हसू दाबलं. "बसा. मला आता लागत नाही ती."

बोलून गेले आणि मग लक्षात आलं, खरंच की... गेल्या आठवड्यात मी तिथे एकदाही टेकले नव्हते. देवा, हे कधी झालं?

"लिफ्ट दुरुस्त करायला आलोय," तो म्हणाला. "यंत्र गच्चीवर. लिफ्ट बंद, म्हणजे मीही पायी. लोकांना जिना चढवत नाही म्हणून माझं घर चालतं. आज देवाने चांगलीच अद्दल घडवली."

"अजून दीड मजला आहे आमचा. त्याच्यावर गच्ची."

"सांगितलं नसतंत तर चाललं असतं."

मी पुढे निघाले. पाठीमागून त्याचा आवाज आला, "तुम्हाला धाप कशी लागत नाही?"

मी वळून पाहिलं नाही. पण उरलेल्या पायऱ्या मी जरा जास्तच ऐटीत चढले, हे कबूल करते.

पाचव्या मजल्यावर आमचं काम शाळेची पुस्तकं तपासण्याचं. दोघी-दोघींच्या जोड्या असतात. एकीने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, अगदी स्वल्पविरामासकट. दुसरीने छापील कागदावर पेन्सिल फिरवत जायचं. मी वाचणारी. माझी जोडीदारीण पेन्सिलवाली. तिचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि जीभ त्याच्याही पुढे. पलीकडच्या टेबलावर अक्षरजुळणी करणारा, ज्याला सगळे जुळणीवाला म्हणतात. मनाने दुष्ट नाही कोणी. पण हसायला काहीतरी लागतं माणसांना, आणि चार महिन्यांपूर्वी त्यांना मी सापडले.

त्या दिवशी लिफ्टमध्ये पाच जण होते. सहावी मी शिरले, आणि घंटी वाजली. जास्त वजनाची घंटी. कर्कश, थांबेचना. मी बाहेर पाऊल टाकलं तशी ती गप्प झाली. आणि जुळणीवाला म्हणाला, "यंत्र खोटं बोलत नाही हं, ताई." दार बंद झालं. ते हसू मला दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येत राहिलं.

त्या दिवशी मी जिना चढले. एकशे चार पायऱ्या. वर पोहोचून वाचायला बसले तर एका वाक्याचे चार तुकडे झाले. पेन्सिलवाली म्हणाली, "इथे विराम छापलेला नाही गं, तू कुठून आणतेस?"

दुसऱ्या दिवशीही जिनाच चढले. मग रोज. सकाळी आईबरोबर चालणं आलं, आईच्या हातचं मोजकं पण पोटभर जेवण आलं, रविवारी भरलेल्या पाण्याच्या कॅन उचलणं आलं. वजनकाट्याकडे मी फारशी गेले नाही. माझा काटा वेगळा होता — पोहोचल्याबरोबर वाचायला बसायचं आणि किती ओळी एका दमात जातात ते बघायचं. आधी अर्धी. महिन्याने दोन. आता अख्खा परिच्छेद, आवाज न थरथरता. आईला सांगितलं तर तिने डोळे मिटून हात जोडले. म्हणाली, "त्याने फुंकलेला श्वास आहे बाई, तू नीट वापरायला लागलीस."

पण टेबलाभोवती मात्र...

"एवढं चढून वजन तर जिथल्या तिथे. जिनाच झिजला असेल."

"नाही गं, उतरलीये थोडी. पण चेहरा बघ, आजारी दिसते."

"कोणासाठी चाललंय हे, ते तरी कळू दे."

बारीक झाले नाही तरी बोलणं, झाले तरी बोलणं. आणि लिफ्ट बंद पडली त्या आठवड्यात तर सगळ्यांनाच पायी यावं लागलं, तेव्हा घामाघूम झालेल्या जुळणीवाल्याने जाहीरच केलं, "ही त्या दिवशी चढली ना आत, तेव्हापासून लिफ्टची तब्येत बिघडली."

सगळे हसले, म्हणजे जेवढा श्वास उरला होता तेवढे. मी कागद उचलला आणि नदीचा धडा वाचायला घेतला. उगमापासून मुखापर्यंत, एका दमात.

लिफ्टच्या सुट्या भागांची वाट पाहण्यात पंधरा दिवस गेले. आणि पंधरा दिवस तो निळ्या शर्टवाला मला जिन्यावर भेटत राहिला. पहिला सोमवार सोडला तर त्याचं येणं म्हणे साडेनऊचं होतं. तिसऱ्याच दिवशी ते नऊवर आलं, माझ्या वेळेवर.

"योगायोग," तो म्हणायचा.

"रोजचा?"

"नियमित योगायोग. देखभाल चांगली असली की होतात."

मी माझा वेग मुद्दाम थोडा कमी करायची. तो त्याचा मुद्दाम थोडा वाढवायचा. मधे कुठेतरी आम्ही जुळायचो — साधारण दुसऱ्या मजल्यावर. तिथून वर गप्पा. त्याचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. बहिणीची मुलगी त्याला 'वरखाली मामा' म्हणते. मी वाचते कशी, ते त्याला ऐकायचं होतं. एकदा कट्ट्यावर बसवून मी त्याला बेडकाचा धडा वाचून दाखवला, सगळ्या विरामांसकट. तो इतक्या मन लावून ऐकत होता की माझी दोनदा ओळ चुकली. एवढ्या वर्षांत माझी ओळ कधी चुकली नव्हती.

आणि मग एक दिवस तो नऊ वाजता आला, पण माझ्या मागेमागेच चढला. वळणावर पोहोचल्यावर पेटी खाली ठेवली.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "ती घंटी... लोक खाली बोलत होते, ते ऐकलं मी. त्या दिवसाचं."

माझे कान तापले. "मग?"

"लिफ्टच्या तळाशी वजनाचा खटका असतो. काल उघडून बघितला. ही लिफ्ट आठ माणसांची आहे. खटका लावलाय पाच माणसांचा. सहावं कोणीही शिरलं असतं तरी वाजली असती." त्याने खिशातली वही काढून दाखवली. "सहा महिन्यांपूर्वी तो मीच लावला होता. शेजारच्या इमारतीतली लिफ्ट पाच माणसांची. दोन्हींचे आकडे वहीत एकाच पानावर लिहिले होते... खालची ओळ वर वाचली."

ओळ चुकली होती त्याची. माझ्या धंद्यातली चूक त्याने केली होती, आणि ती वाजली माझ्या नावाने.

नंतरही ती घंटी मधूनमधून वाजायची. तेव्हा शेवटचा माणूस कुरकुरत उतरायचा. कोणी हसायचं नाही. हे मला माहीत होतं, आणि तरी मी चार महिने तिला खरी मानत आले होते.

"मी आजच वर येऊन सगळ्यांना सांगतो," तो म्हणाला. "माझ्या साहेबांनाही लेखी देतो. काय व्हायचं ते होऊ दे."

"साहेबांना द्या. ते तुमचं काम आहे," मी म्हणाले. "आमच्या टेबलावर येऊ नका."

आणि निघाले. त्या दिवशी पहिल्यांदाच वर पोहोचून मला वाचता येईना. धाप लागली नव्हती. नजर त्याच त्या ओळीवर फिरत राहिली.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, ऐकत राहिली. मग म्हणाली, "घंटी खोटी निघाली. बरं. आता उद्यापासून जिना सोडणार का?"

"नाही."

"का गं?"

मी तिच्यापुढची जुडी ओढली आणि देठं मोडायला लागले. आई हसली. "मग घंटीचा आणि तुझा संबंध कधीच संपलाय, वेडे. तुला तेवढं कळायचं राहिलंय."

दोन दिवस मी नऊच्या आधीच चढून गेले. तिसऱ्या दिवशी वळणावर थांबले. तो आला, मला पाहून पायरीवर अडखळला.

"टेबलावर येऊ नका म्हणाले, त्याचं कारण सांगायचं राहिलं," मी म्हणाले. "तुम्ही सांगितलं असतंत की खटका चुकीचा होता, तर मी निर्दोष सुटले असते. पण मग खटका बरोबर असता तर? तर काय, त्यांचं हसणं बरोबर ठरलं असतं? घंटी खरी असती ना, तरी ते हसणं चूकच होतं. मला सुटका नकोय. माझी काही चूकच नव्हती."

त्याने पेटी खाली ठेवली. हलकी सर येऊन गेली होती, खिडकीच्या काचेवर थेंब होते आणि त्यांचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर हलत होता.

"माझी मात्र होती," तो हळूच म्हणाला.

"तुमची होती. तुम्ही न विचारता सांगितलीत." मी पेटीकडे बोट दाखवलं. "उचला. उशीर होतोय."

शुक्रवारी लिफ्टची चाचणी होती. खाली दारापाशी वीस-वीस किलोची लोखंडी वजनं रचलेली. सत्तावीस ठेवल्यावर घंटी वाजता कामा नये, अठ्ठाविसाव्याला वाजलीच पाहिजे. त्याचा जोडीदार आला नव्हता, म्हणून तो एकटाच वाहत होता. जेवणाच्या सुट्टीतली आमची मंडळी भोवती उभी राहून सल्ले देत होती.

मी डबा पेन्सिलवालीच्या हातात दिला आणि एक वजन उचललं.

"अहो, राहू द्या," तो म्हणाला.

"का? जड आहे?"

त्याने वाट करून दिली. डोळ्यांत काहीतरी चमकलं.

पाण्याच्या कॅनपेक्षा ते फार वेगळं नव्हतं. गुडघे वाकवायचे, पाठ सरळ, श्वास सोडत उचलायचं. एक, दोन, पाच, नऊ... दहाव्या फेरीला जुळणीवाला म्हणाला, "ताई, जपून. तुम्ही आणि वजन, दोन्ही एकदम आत नको."

कोणीतरी फिस्सकन हसलं.

मी हातातलं वजन खाली ठेवलं नाही. ते तसंच छातीशी धरून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. वाचताना लावते तोच आवाज लावला, शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचतो तो.

"आजपासून माझ्या शरीराबद्दल एक शब्द नको. वाढलं, घटलं, आजारी दिसतं, बरं दिसतं — काहीच नको. कौतुकही नको. काम असेल तर हाक मारा, मी आनंदाने येईन." मग वजन त्याच्यापुढे केलं. "आणि हे धरता का जरा?"

त्याने धरलं. धरलं आणि दोन पावलं मागे गेला. कोणी हसलं नाही. बिचाऱ्याने ते मुकाट्याने आत नेऊन ठेवलं आणि पुढचं घ्यायला स्वतःहून परत आला.

सत्तावीस झाली. लिफ्ट शांत. निळ्या शर्टवाल्याने शेवटचं वजन माझ्याकडे दिलं. एखादी मौल्यवान वस्तू द्यावी तसं.

मी ते आत ठेवलं, आणि घंटी वाजली. तीच कर्कश, न थांबणारी. मी तिच्या खाली ताठ उभी होते, आणि हसत होते.

सोमवारी लिफ्ट सुरू झाली. त्याचं काम संपलं. जिना चढताना माझ्या पावलांचा आवाज एकटा वाटत होता. पहिल्या मजल्यावर मागून कोणीतरी धापा टाकत आलं... पाहते तर पेन्सिलवाली.

"लिफ्टमध्ये गर्दी होती," ती नजर चुकवत म्हणाली. मग जरा वेळाने, "तू सुरुवातीला कुठे थांबायचीस गं?"

"वर कट्टा आहे. दाखवते."

गुरुवारी दुपारी मी पर्वतांचा धडा वाचत होते. दार उघडलं. निळा शर्ट, पेटी नाही, चेहरा लालबुंद. तो चौकट धरून उभा राहिला.

"एक... विचारायचं..." पुढे श्वासच नाही.

मी पाण्याचा पेला पुढे केला.

"लिफ्ट पुन्हा बंद पडली का?" जुळणीवाल्याने विचारलं.

"नाही. उत्तम चालतेय." त्याने पाणी संपवलं. "यांना भेटायला... लिफ्टने येणं बरं दिसलं नसतं."

पेन्सिलवालीने माझ्या हातातून हस्तलिखित काढून घेतलं. "जा. पर्वत कुठे पळून जात नाहीत."

वळणावरच्या खिडकीशी आम्ही थांबलो. तो उभाच होता.

"पाच मजले, कुठेही न थांबता," तो म्हणाला. "आठवडाभर सराव केला. शेजारच्या इमारतीत."

"वर येऊन विचारायचं काय होतं?"

"रोज संध्याकाळी... खाली दारापाशी तुझी वाट बघितली तर चालेल?" जीभ चावून तो थबकला. "तुमची."

"पहिलं बरोबर होतं," मी म्हणाले. "पण खाली नको. वर ये. बरोबर उतरू."

"रोज पाच मजले?"

"जमेल हळूहळू. दमलास तर इथे टेकायचं."

मी कट्ट्यावर बसले आणि थोडी सरकले. तो शेजारी बसला. दोघांपुरती जागा होती तिथे. चार महिने मी एकटीच मधोमध बसत आले, म्हणून कधी कळलं नव्हतं.