संत्रीची नवी काचपेटी

"हळू, इमाद! संत्रीले धक्का लागन ना!" प्रणाली ओरडली.

"मग तूच धर जाळी!"

जाळीत केशरी गोल्डफिश संत्री तडफडत होती. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या बालवाचनालयातली ही सगळ्यात म्हातारी मासोळी. इमाद आणि त्याची बहीण तहरीम रोज तिला दाणे टाकत. सुट्टीत अमरावतीहून मावशीकडे येणारी प्रणाली तर पिशवी ठेवून आधी तिलाच भेटायला धावायची.

आज सगळ्या माशांना छोट्या काचपेटीतून नव्या, मोठ्या पेटीत हलवायचं होतं. वाचनालयाचे अध्यक्ष गजेंद्रकाका घाईत होते. संध्याकाळी उद्घाटन!

"काका, दुकानवाला म्हणे, पाणी भरून चार दिवस तसंच राहू द्या," तहरीम म्हणाली.

"चार दिवस? पाहुणे आज येऊन राहिले ना! सोडा पटापट!"

प्रणालीने ओला हात हुंगला. "पण काका, पाण्याले वास येते..."

"नव्या काचेचा असन!"

प्रणालीने हात झटकला. आणि तिनेच संत्रीला पाण्यात सोडलं.

थोड्याच वेळात मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. संत्री तर एका कुशीवर कलली.

"काका, मासे मरून राहिले!" इमाद किंचाळला.

"नवी जागा हाय, बावरले असतील. संध्याकाळपर्यंत होतील ठीक!" काकांनी पेटीवर जरीचा पडदा टाकला, मुलांना बाहेर काढलं आणि दाराला कुलूप लावलं.

तिघं पायरीवर उभी राहिली.

"पाण्यातच काहीतरी हाय," प्रणाली म्हणाली. "हे पाणी आलं कुठून?"

"गच्चीवरच्या टाकीतून!" तहरीम म्हणाली.

इमाद जिना चढून गेला आणि तसाच पळत खाली आला. त्याच्या हातात ब्लीचिंग पावडरची रिकामी पिशवी होती. "टाकीजवळ पडली होती! वर नाकाले झोंबून राहिलं!"

"अन् जुन्या पेटीतलं पाणी?" प्रणालीने विचारलं.

"अंगणातल्या बादल्यांत! झाडांना टाकाचं होतं," तहरीम म्हणाली. "पण किल्ली?"

ती काकांच्या घरी धावली. "काका, पडदा तिरपा लागला हाय! पाहुण्यांसमोर बरं दिसन का?"

काका जेवत होते. त्यांनी मान वर न करता किल्ली पुढे सरकवली.

मग एकच धावपळ! बादल्यांतलं पाणी छोट्या पेटीत ओतलं, हवेची मोटर लावली. जाळीने एकेक मासा परत आणला. बरेचसे हळूहळू पोहू लागले. तीन मात्र तळाशीच राहिले. संत्री प्रणालीच्या ओंजळीत होती. संत्रीने कल्ला एकदा हलवला. पुन्हा नाही हलवला.

"मी अजून एकदा म्हणाले पायजे होतं," प्रणाली पुटपुटली. इमादने तोंड फिरवून शर्टाला डोळे पुसले.

संध्याकाळी टाळ्यांच्या गजरात पडदा सरकला आणि टाळ्या थांबल्या. पेटी रिकामी होती!

"मासे कुठं हायेत?" काका गरजले.

इमादने ती पिशवी पुढे केली. काकांचा आवाज एकदम उतरला. "सकाळी मीच टाकली. सगळी. पाणी चकचकीत दिसाले पायजे म्हणून."

मग त्यांनी टेबलावरची छोटी पेटी पाहिली. शेजारी रुमालावर ठेवलेले तीन मासे आणि संत्रीही पाहिली. खाली बसत ते प्रणालीला म्हणाले, "तू सांगितलं होतं, बेटा. मी ऐकलं नाई."

पाहुण्या इंदूबाई उठून मुलांजवळ आल्या. "बाकीचे मासे या तिघांमुळे जगले. शाबास, पोरांनो!"

टाळ्या पुन्हा वाजल्या, चांगल्या जोरात. तिघांपैकी कुणीही वर पाहिलं नाही. प्रणालीने रुमालाची चारही टोकं हळूच जुळवली आणि काका खुरपं शोधायला अंगणात गेले.