न्यायदेवतेचा उजवा हात

आउग्सबुर्गात त्या वर्षांत सद्गुणांच्या चित्रांना मोठी मागणी होती. सत्याच्या हाती आरसा, शांतीच्या हाती डहाळी. लोक ती जेवणघरात लावत आणि मुलांना त्यांवरून शहाणपण शिकवत. बाबांनी असे अकरा सद्गुण तांब्याच्या पत्र्यावर कोरले. बाराव्या न्यायदेवतेपर्यंत येता येता त्यांची दृष्टी गेली, पण ते आम्ही बाहेर कळू दिलं नाही. ती मी कोरली.

कोरक्यांच्या मंडळाचा नियम साधा होता. उस्तादाच्या नावाखाली मुलीचा हात चालला, तर कारखान्याला कुलूप.

पत्र्यावर सगळं उलटं कोरलं, की कागदावर सुलटं उमटतं. चौदा वर्षं मी बाबांच्या हाताखाली गुपचूप तसंच कोरत आले होते. पण शेवटच्या घाईत विसरले. पत्रा पुसताना दिसलं, की तलवार देवतेच्या उजव्या हातात आहे. म्हणजे कागदावर ती डाव्या हातात जाणार. अशी चूक बाबांची नव्हे, हे कुणीही ओळखलं असतं; आणि मंडळाचे पंच रेम दुपारी तपासणीला येणार होते.

"छाप तरी," बाबा म्हणाले. "तिचे डोळे बांधलेले, माझे गेलेले. आम्हा दोघांना काय फरक पडतोय?"

"बाबा, थट्टा पुरे."

शाई भरली, ओला कागद ठेवला, छापयंत्राचं चाक फिरवलं. तळहातातून एक कळ निघाली, खांद्यापर्यंत गेली आणि थांबली. कागद उचलला.

तलवार उजव्या हातात होती.

पत्रा पुन्हा पाहिला. तिथेही उजव्याच हातात. पारडी मात्र मी समान कोरली होती. कागदावर एक किंचित खाली गेलं होतं.

पंच रेमनी छापा उजेडात धरला, मान डोलावली. मग अचानक माझा उजवा हात ओढला. कोरणीची मूठ टेकून तळहातावर घट्टा पडला होता.

त्यांनी तळहातावर अंगठा फिरवला आणि बाबांना म्हणाले, "कोल्ब, लोक काहीही बोलतात हो. हा हात कणीक मळणाऱ्या पोरीचा आहे."

"तिच्या हातच्या श्पेट्झ्ले शेवया खाऊन बघा," बाबा म्हणाले. "मग तेही म्हणणार नाही."

दोघं हसले. छाप्यावर मंडळाचा शिक्का बसला.

ते गेल्यावर मी उजवा तळहात पाहिला. मऊ होता. घट्टा डाव्या हातावर होता. लहानपणी उजव्या हाताला भाजल्याचा डागही तिथेच.

बाबांनी घट्टा चाचपून पाहिला. "आहे की जागेवर. उगाच घाबरवतेस, सबिना."

त्या दिवशी दुसरा छापा काढला. पारडी समान होती.

आता मी डाव्या हाताने कोरते. रेघ पूर्वीपेक्षा स्वच्छ येते. कारखाना चालू आहे, बाबा दोन वेळा पोटभर जेवतात. माझी कसलीही तक्रार नाही.

रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला छातीवर डावीकडे हात ठेवला, नेहमीच्या जागी. तिथे शांत होतं.

हात उजवीकडे सरकवला.

तिथे ते संथपणे चालू होतं.